गुडघ्याएवढ्या उंचीवरून

रायफलवरची दुर्बीण तपासायची कशी हे मला वडिलांनी शिकवलं आणि तपासून झाल्यावर लिहायचं काय हे मासिकानं शिकवलं. दोन्ही गुरूंचा मी आज्ञाधारक शिष्य. म्हणून तर ही वेळ आली.

माझं नाव व्हर्न टॉलेफ्सन. शिकार आणि नेमबाजीच्या एका मासिकात सव्वीस वर्षं माझं सदर येतंय. कंपन्या मला नव्या दुर्बिणी पाठवतात, मी त्या माझ्या रायफलवर चढवतो, गावामागच्या मैदानावर दोनेकशे गोळ्या झाडतो, आणि मग आमच्या मोंटानापासून पार समुद्रापर्यंतची मंडळी माझ्या शब्दावर दुकानात जातात. निदान मासिक तरी जाहिरातदारांना असंच सांगतं.

वडील रेल्वेत फिटर होते. त्यांचा दुर्बिणीवर विश्वास नव्हता, दुर्बीण विकणाऱ्यावर त्याहून नव्हता. नेम बसवून झाला, कागदावर भोकं जवळजवळ पडली, की बाकीचे लोक रायफल पुसून घरी जायचे. वडील तिथून सुरुवात करायचे. रायफल रिकामी करायची, जमिनीवर जुन्या सतरंजीची घडी टाकायची आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून ती डाव्या अंगावर, उजव्या अंगावर आणि मग पालथी, अशी तीनदा पडू द्यायची. त्यानंतर पुन्हा तीन गोळ्या. "मैदानावर कुणाचीही दुर्बीण शहाणी असते," ते म्हणायचे. "डोंगरात घोडं घसरतं, माणूस पडतो. तेव्हाचं बोला."

झाडलेला प्रत्येक कागद ते जपून ठेवायचे. कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख, अंतर, वारा आणि झाडणाऱ्याचं नाव लिहायचं. वाईट कागद फाडायचा नाही, हा घरचा नियम. चांगले कागद भिंतीवर लावा नाहीतर चुलीत घाला, त्यांना पर्वा नव्हती. वाईट मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जायचे. वडील गेल्यावर ते कपाट माझ्या मोठ्या बहिणीकडे, आर्डिसकडे गेलं. आई लवकर गेली होती, मला बंदूक धरायला शिकवलं ते आर्डिसनंच. एकोणतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. नवरा वारला, मुलगी दूर गेली, पण दर मार्चमध्ये गावातल्या पोरांना शिकारीचा परवाना मिळण्याआधी जो वर्ग करावा लागतो, तो तिनं कधी चुकवला नाही. वर्ग अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये भरतो आणि पहिला धडा नेहमी तोच असतो. ती तो अख्खा ड्रॉवर उचलून आणते आणि टेबलावर ठेवते. पोरांनी एकेक वाईट कागद हातात घ्यायचा आणि विचारायचं, इथे काय चुकलं? ती सांगते. माझे नऊ वर्षांचा असतानाचे कागदही त्यात आहेत. त्यांच्यावरून पोरं अजून हसतात.

तर ती दुर्बीण. कंपनीचं नाव घेत नाही. घ्यायची वेळ होती तेव्हा घेतलं नाही, आता घेऊन काय मर्दुमकी गाजवायची. तीनपटीपासून पंधरापटीपर्यंत मोठं दाखवणारी होती. तीनपटीवर झाडीत पळणारं हरीण सापडावं, पंधरापटीवर दूरच्या कागदावरचं भोक मोजावं, म्हणजे एकाच दुर्बिणीत मैदानही आणि डोंगरही. काच तर अशी स्वच्छ, की सूर्य मावळून पाऊण तास झाला तरी कुंपणाच्या तारेची गाठ दिसत होती. किती पटीनं दाखवायचं ते बदललं तरी नेम हलत नव्हता. नेम सरकवायच्या दोन चकत्या असतात: वरची वीस टिक वर, बाजूची वीस टिक उजवीकडे, मग तेवढंच खाली, तेवढंच डावीकडे, असा गोळ्यांचा चौकोन मी काढला, आणि शेवटची गोळी पहिलीच्या भोकात जाऊन बसली. इतकं देखणं काम मी फार थोड्या दुर्बिणींत पाहिलं होतं. मी मनातल्या मनात लेख लिहायलाही लागलो होतो.

मग सतरंजी टाकली. तीनदा पडू दिली आणि तीन गोळ्या झाडल्या. शंभर यार्डांवर अडीच इंच डावीकडे.

एखादा नग वाईट निघतो, म्हणून मी कंपनीकडून दुसरा मागवला. तोही तसाच निघाला. त्याबद्दल एक परिच्छेद लिहिला, सरळ, न भांडता, आणि लेख पाठवून दिला. चौथ्या दिवशी संपादकाचा फोन आला. क्लेटन प्रुएट त्याचं नाव, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आवाज मधात बुडवलेला.

"व्हर्न, लेख फक्कड झालाय. मुखपृष्ठावर घेतोय. तुझ्या नावासकट."

"बरं."

"ती सतरंजीची भानगड तेवढी काढतो."

"भानगड? चाचणी आहे ती."

"तुझ्या वडिलांची आहे रे. बाकी कुणी करत नाही. मला सांग, कोण शहाणा आपली रायफल उचलून जमिनीवर टाकतो?"

"डोंगरात जाणारा."

"आपले अर्धे वाचक डोंगर फक्त आपल्या मासिकात बघतात," तो हसून म्हणाला. "त्या लोकांच्या जाहिरातींची चार पानं आहेत या अंकात. पुढच्यातही. मी काही तुला खोटं लिही म्हणत नाहीये. फक्त तेवढा परिच्छेद नको. चारेक ओळींची जागा उरतेय, ती भरून दे."

मी भरून दिली. पैसे वाढवून मिळाले नाहीत, कुणी धमकी दिली नाही. सव्वीस वर्षांत मुखपृष्ठावर माझं नाव कधी आलं नव्हतं आणि ते यावं असं मला वाटत होतं, एवढंच. शिवाय दर महिन्याला दारात खोकी येतात, टपालवाला विचारतो, आज काय आलं साहेब, ते मला आवडतं. माणूस फार स्वस्तात विकला जातो. आपली किंमत मोठी आहे असं उगाच वाटत असतं. त्या चार ओळींतली शेवटची अशी होती: "घोड्यावरून न्या, कड्यावरून न्या, एकदा नेम बसवला की ही दुर्बीण तो विसरत नाही."

हे एप्रिलमधलं. जूनमध्ये आर्डिसला रानमेंढ्याचा परवाना लागला.

आमच्याकडे हरणाचा परवाना कुणालाही मिळतो. डोंगरातल्या मोठ्या शिंगांच्या मेंढ्याचा मात्र सोडतीत लागतो, आणि बहुतेकांना तो कधीच लागत नाही. अर्ज करता करता लोक मरतात. आर्डिस चौतीस वर्षं अर्ज करत होती. एकदा लागला की पुढची सात वर्षं अर्जही करता येत नाही, आणि ती त्रेसष्टची होती. म्हणजे हा एकच.

ऑगस्टमध्ये तिनं मला घरी बोलावलं. टेबलावर वडिलांची जुनी रायफल होती आणि तिच्यावर नवी कोरी दुर्बीण. तीच.

"काय लेखकमहाशय," ती म्हणाली, "तोंड का असं झालं? तुला न विचारता घेतली म्हणून?"

"नाही. विचारायला हवं होतंस पण."

"विचारायचं काय? वाचलं की." तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. चुंबकाखाली माझ्या लेखाचं पान लावलेलं होतं. "बाबांच्या जुन्या दुर्बिणीतून आता मला संध्याकाळचं दिसत नाही. आणि चौतीस वर्षांनी मिळालेल्या परवान्यावर मी आंधळी कोशिंबीर खेळणार नाही."

मी म्हणालो, माझ्याकडे एक जुनी दुर्बीण आहे, चौपटीची, वजनाला दगड पण भरवशाची, ती लाव. ती हसली. "माझ्यासाठी उष्टी आणि बाकी अमेरिकेसाठी ताजी, होय रे?"

तिथेच सांगायला हवं होतं. सांगायचं वाक्य लांबही नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे फ्रिजवरच्या पानाकडे बोट दाखवून, यातली शेवटची ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे, असं म्हणावं लागलं असतं. मी एवढंच म्हणालो, "जपून ने. आपटू नकोस."

"आपटली तर काय होतं? तू आपटून बघितलीच असशील ना?"

मी कॉफीचा कप उचलला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं तीन घोडी घेऊन वर गेलो. दोन दिवस वाऱ्यानं तंबू टिकू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या कड्यावर चार मेंढे दिसले, त्यातल्या एकाची शिंगं पूर्ण वळून पुन्हा डोळ्यापाशी आलेली. आर्डिस बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसली. मग म्हणाली, "बाबा असते तर आज त्यांनी तंबाखू सोडली असती." आम्ही फेरी घालून त्या कड्याच्या वरच्या अंगाला जायला निघालो.

खडीच्या उतारावर तिची घोडी घसरली. आर्डिस वेळेवर उडी मारून बाजूला झाली, घोडीलाही फारसं लागलं नाही, पण खोगिराला अडकवलेली रायफल कातडी म्यानासकट खडकावर आदळली. तो आवाज मी ओळखला. सतरंजी नव्हती एवढाच फरक.

तिनं रायफल काढून चारी बाजूंनी पाहिली. काच फुटली नव्हती, चकत्या जागेवर होत्या. ती माझ्याकडे वळली.

"व्हर्न, एक गोळी झाडून बघू का?"

मेंढे कड्याच्या पलीकडे होते. गोळीचा आवाज झाला असता तर ते त्या दिवशी काय, त्या आठवड्यात दिसले नसते, आणि वर ढग भरून येत होते.

"तूच सांग," ती म्हणाली. "बाबांची जुनी दुर्बीण असती तर मी झाडली असती आणि मेंढा गेला तर गेला म्हटलं असतं. पण ही तू तपासलीयस. तू अशी आपटली होतीस ना?"

"आपटली होती."

"मग?"

"काही होत नाही," मी म्हणालो.

ती मान हलवून चालू लागली. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दानंतर पुन्हा विचारायची तिला सवय नव्हती.

दोनशे साठ यार्डांवर तो मेंढा आडवा उभा होता, तोंड उजवीकडे. आर्डिस आडवी झाली, खाली जाकिटाची घडी घेतली, श्वास सोडला, चाप दाबला. मी माझ्या हातातल्या दुर्बिणीतून बघत होतो. गोळी खांद्यामागे लागायला हवी होती. ती पोटात लागली. मेंढा वाकला, पाठ कमानीसारखी करून उभा राहिला आणि मग कड्याच्या घळीत उतरून दिसेनासा झाला.

पोटात गोळी लागलेलं जनावर लवकर मरत नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत घळ शोधली. दगडांवर हिरवट रक्ताचे थेंब होते, मग तेही थांबले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि सगळं झाकून टाकलं. तरी ती शोधत राहिली. गुडघे सोलवटले, एका हाताचा मोजा हरवला, मी थांब म्हटलं तरी पुढच्या खडकाकडे वळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं खिशातून परवाना काढला. त्याच्या कडेला महिने आणि तारखा छापलेल्या असतात. जनावर हातात आलं की त्या दिवसाची खाच कापायची, आणि परवाना संपतो. कायद्यानं तिला जनावर मिळालेलं नव्हतं. पण वडिलांचा नियम कायद्यापेक्षा कडक होता: रक्त दिसलं की परवाना कापायचा. तिनं गुडघ्यावर कागद ठेवून ऑक्टोबर कापला, मग गोळी झाडली त्या दिवसाची तारीख कापली.

"कशाला?" मी म्हणालो. "अजून पाच आठवडे आहेत हंगामाला."

"त्या मेंढ्याला सांग," ती म्हणाली.

उतरताना वाटेत, दोनशे पावलांवर, बाकीचे तीन मेंढे उभे होते. त्यातला एक तर पहिल्यापेक्षा मोठा असावा. आर्डिसनं घोडी थांबवली नाही.

चार दिवसांनी ती रायफल घेऊन माझ्या दारात आली. आत आली नाही. "ही जरा तपासून दे. माझाच हात थरथरला की दुर्बीण हलली, कळायला हवं. थरथरला असेल तर मार्चचा वर्ग मी सोडते. ज्या बाईला खांदा आणि पोट यातला फरक साधत नाही तिनं पोरांना काय शिकवायचं?"

"तुझा हात कशाला थरथरेल?"

"त्रेसष्टावं चालू आहे. तू तपास आणि सांग. तू सांगशील ते."

मी त्याच दुपारी मैदानावर गेलो. तीन गोळ्या झाडल्या. तीन इंच डावीकडे, दोन इंच खाली, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून. दुर्बिणीत रोग होता आणि बहिणीचा हात खडकासारखा होता, इतकं ते स्पष्ट होतं. आता फक्त तो कागद नेऊन तिच्या टेबलावर ठेवायचा होता.

मी मैदानावरच्या टेबलापाशी बसून राहिलो. लोकांना वाटतं की खोटं एकदाच बोलावं लागतं. एप्रिलचं झाकायला ऑगस्टचं, ऑगस्टचं झाकायला ऑक्टोबरचं. सांगितलं तर वर्ग तिच्याकडे राहील आणि माझ्याकडे काय राहील, याचा मी हिशेब केला, आणि तो हिशेब करताना मला लाज वाटली हेही खरं, पण लाज वाटून माणूस चांगला होतोच असं नाही. मी दोन्ही चकत्या फिरवून नेम पुन्हा मध्यावर आणला. नवीन कागद लावला. तीन गोळ्या, तिन्ही मध्यभागी. कोपऱ्यात तारीख लिहिली, शंभर यार्ड, हलका वारा. त्या कागदावर एकही शब्द खोटा नव्हता. पहिला कागद घरी येऊन फाडला आणि शेगडीत घातला. वडिलांच्या घरातला फाडलेला वाईट कागद असा तो पहिलाच.

दुसऱ्या दिवशी मी रायफल घेऊन गेलो. आर्डिस सफरचंदं सोलत होती. फ्रिजवर माझं पान अजून होतं, त्याच्याशेजारी कापलेला परवाना.

"कशी निघाली?"

मी कागद पुढे केला. तिनं हात पुसले, कागद उजेडात धरला.

"छान आहे," ती म्हणाली. "चकत्यांना हात लावलास?"

"नाही."

"म्हणजे मी दिली तशीच झाडलीस."

"हो. तशीच." आणि वर मी काय म्हणालो ते सांगतो, काहीच लपवायचं नाही म्हटल्यावर हे तरी का लपवू. मी म्हणालो, "वय कुणाला चुकलंय, आर्डिस. मनाला लावून घेऊ नकोस."

ती उठली. खालचा ड्रॉवर ओढला आणि सगळ्यात वरचा कागद काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. तीन भोकं, एका नाण्याखाली झाकतील अशी. तीन इंच डावीकडे, दोन इंच खाली. कोपऱ्यात तिचं गोल अक्षर: शंभर यार्ड, वारा नाही, आर्डिस, आणि तारीख. डोंगरातून उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? राग आला. सापळा लावल्याचा. शिकाऱ्याला सापळ्याचा राग यावा, बघा.

"माहीत होतं तर मला कशाला दिलीस?"

"डोंगरात तू घाईत बोलला असशील असं वाटलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. पोरांना कागद समजावते तसाच होता. "मेंढा समोर होता, ढग आले होते. माणसाच्या तोंडून निघून जातं. म्हटलं, मैदानावर शांतपणे बसला की खरं घेऊन येईल. चार दिवस वाट बघून मग आणून दिली."

"मी लिहितो," मी म्हणालो. "सगळं. पुढच्याच अंकात. क्लेटनला छापावंच लागेल."

"तू लिहितोस ते मी वाचते, व्हर्न. सव्वीस वर्षं वाचतेय."

तिनं पेन्सिल घेतली. माझ्या कागदाच्या कोपऱ्यात झाडणाऱ्याचं नाव लिहायचं मी विसरलो होतो. विसरलो की टाळलं, कोण जाणे. तिनं ते लिहिलं. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि ड्रॉवर बंद केला. सफरचंदं पुन्हा सोलायला घेतली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी निघून आलो.

मी लिहिलं नाही. क्लेटननं छापलं नसतं असं मी स्वतःला सांगतो, पण पाठवून पाहिलं असतं तर निदान ते तरी खरं की खोटं कळलं असतं. दारात खोकी येतात, टपालवाला विचारतो, आज काय आलं साहेब. ती दुर्बीण देशभर खपली.

आर्डिसनं वर्ग सोडला नाही. आता चार मार्च होऊन गेले. ती ड्रॉवर घेऊन हॉलमध्ये जाते, टेबलावर ठेवते, पोरं एकेक कागद उचलतात. शेजाऱ्याच्या मुलीनं मला सांगितलं, त्यात एक कागद सगळ्यांना कोड्यात टाकतो. तिन्ही गोळ्या अगदी मधोमध. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, हा तर चांगला आहे, हा वाइटात कसा?

ती पोरांना काय सांगते ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मुलगी सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मी दार लावून घेतलं.